जमिनीवरून उठता येतं का?

2024 च्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, माझे वडील, अप्पा, पडले. मी नाइटला होते. घरी नवरा आणि लेक आतल्या खोलीत झोपलेले, दार लोटलेलं, पंखा पाचवर. आमच्या बाविसाव्या मजल्यावर पाऊस असा आदळतो की हॉलमधलं आतल्या खोलीत ऐकू येत नाही. तीनच्या सुमाराला अप्पा लघवीला उठले, बाथरूमच्या दारातच पाय सरकला आणि ते खाली बसले. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही. पण उठता येईना. नवरा बस चालवतो, पहिल्या ड्युटीसाठी पाच वाजून दहा मिनिटांनी उठला, तेव्हा ते त्याला भिंतीला टेकून बसलेले दिसले. दोन तास ते ओल्या फरशीवर होते.

मी साडेआठला घरी पोचले. अप्पा पलंगावर होते. "बाय, मोडलंबिडलं काय नाय. पण उठायलाच जमलं नाय," एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या पाठमोऱ्या खांद्यांनी माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ते मी आधी एकदा पाहिलेले होते. त्याबद्दल पुढे सांगते.

मी तीस वर्षं एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे. त्यातली नऊ वर्षं ऑर्थो वॉर्डात गेली. म्हातारं माणूस पडलं की नातेवाईक आधी विचारतात, हाड मोडलं का? एक्स-रे नीट आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मंडळी घरी जातात. किती वेळ पडून होते, हे कोणी सांगत नाही, आम्हीही पुष्कळदा विचारत नाही. खरं तर तो वेळ फार महत्त्वाचा असतो. एकाच अंगावर तासन् तास पडून राहिलं की दाबाखालचे स्नायू खराब होतात, त्यातून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडावर भार टाकतं. अंग गार पडतं, पाणी कमी पडतं, त्वचेला जखमा होतात. आणि यातलं काहीच झालं नाही तरी भीती बसते. पुन्हा पडू नये म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की पाय आणखी लुळे होतात, आणि मग तो खरोखर पडतो. हे सगळं मला पाठ होतं. माझ्या स्वतःच्या वडिलांना जमिनीवरून उठता येतं का, हे मात्र मी सात वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

सात वर्षं म्हणते, कारण 2017 ला आम्ही लालबागच्या चाळीतून या टॉवरमध्ये आलो. चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवं बसायचा. जेवण पाटावर, भाजी निवडणं जमिनीवर, पत्त्यांचा डाव जमिनीवर, रात्री गाद्या घालायच्या, सकाळी वळकट्या करून ठेवायच्या. मी एकदा बसून हिशोब केला. पंचाहत्तराव्या वर्षीसुद्धा अप्पा दिवसातून किमान वीस वेळा जमिनीवर बसत आणि उठत होते. टॉवरमध्ये आल्यावर आम्ही त्यांना कमोड दिला, डायनिंग टेबल दिलं, पलंग दिला, लिफ्ट तर होतीच. मायेनेच दिलं सगळं. पण त्या दिवसापासून वीसचं शून्य झालं.

मला चाळीचं कौतुक सांगायचं नाही. पहाटे चारला उठून आईने भरलेल्या हंड्यांची संख्या मला आठवते. रात्री संडासला जायला नको म्हणून चाळीतल्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नसत, आणि लघवीच्या तक्रारी अंगावर काढत. घासलेटच्या स्टोव्हपाशी आईची छाती गेली. त्या दिवसांकडे परत जावं असं कोणत्याही बाईला वाटणार नाही. तरीही त्या गैरसोयींमध्ये पायांची जी मेहनत आपोआप होत होती ती आम्ही गैरसोयींबरोबर टाकून दिली, आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातला स्नायू साधारण तीन ते आठ टक्के कमी होतो, साठीनंतर हा वेग वाढतो. वापरला तर ही गळती बरीच कमी करता येते, ऐंशीनंतरही.

आमच्या फिजिओथेरपी विभागात एक तरुण मुलगी आहे, माझ्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिला मी अप्पांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, पडू नका हे त्यांना सगळेच सांगतील. तुम्ही त्यांना उठायला शिकवा." ती रविवारी घरी आली. हॉलमध्ये सतरंजी घातली, भिंतीला टेकवून एक न हलणारी लाकडी खुर्ची ठेवली. आणि तिने जे शिकवलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पडल्यावर लगेच उठायची घाई करायची नाही. आधी पडल्या जागी दोन मिनिटं श्वास घ्यायचा, हात-पाय हलवून पाहायचे. कुठे तीव्र दुखत असेल, पाय हलत नसेल, तर उठायचंच नाही; जे हाताला लागेल ते आपटून आवाज करायचा आणि अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं. सगळं हलतंय अशी खात्री पटली तर पाठीवरून कुशीवर वळायचं. कुशीवरून कोपरावर, कोपरावरून तळहातावर. मग रांगतं व्हायचं. रांगत खुर्चीपर्यंत, पलंगापर्यंत, जे भक्कम असेल त्याच्यापर्यंत जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचे. जो पाय जास्त धड आहे तो पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवायचं. हातांनी आणि त्या पायाने जोर लावून वर यायचं, वळायचं आणि खुर्चीवर बसायचं. बसल्यावर लगेच चालायला लागायचं नाही, चक्कर येते.

पहिल्या रविवारी अप्पा कोपरापर्यंत आले आणि तिथेच थांबले. दंड थरथरायला लागले. दुसऱ्या रविवारी रांगते झाले. चौथ्या रविवारी पाय पुढे घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो घेतला आणि एकदम थांबून म्हणाले, "अगं, हा तर हनुमान दंडाचा पाय!" त्या मुलीला हनुमान दंड, म्हणजे एकेक पाय पुढे घेऊन मारायचा जोर, माहीत नव्हता. अप्पांनी तिला खुर्चीवर बसवून हातवारे करत समजावला. पडल्यापासून पहिल्यांदाच ते इतकं बोलत होते. सातव्या आठवड्यात ते कोणाचाही हात न धरता उठले. आता रोज सकाळी चहाच्या आधी दोनदा हे करतात, मी किंवा नवरा जवळ असताना. बाथरूममध्ये दांडी बसवली, दाराची कडी काढली, आणि रात्री त्यांच्या उशाशी शिट्टी असते.

या सगळ्यात मी एक जुना अभ्यास शोधून वाचला. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकवला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. 2012 मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना अगदी कमी गुण होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त गुणवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक होतं. याचा अर्थ कमी गुण पडले म्हणून माणूस जातो असा कोणी घेऊ नये. ज्याची ताकद, तोल आणि लवचीकता आतून कमी झाली आहे, त्याला हे उठणं आधी जड जातं, इतकंच ते सांगतं. ज्यांचे गुडघे किंवा खुबे दुखतात त्यांनी ही चाचणी करण्याच्या फंदात पडू नये. मी केली. दहापैकी सात. वय तेव्हा त्रेपन्न.

आता 1982.

अप्पा तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि मी अकरा. एका गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. पहिली पाळी संपली की दुपारी झोप, आणि संध्याकाळी चाळीमागची व्यायामशाळा. दोनशे जोर, तीनशे बैठका, मग मुद्गल. खांदे असे की मी आणि माझा भाऊ एकेका खांद्यावर बसायचो. 18 जानेवारीला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आधी उत्साह होता, मोर्चे होते. पावसाळा आला तोवर चाळीतली अर्धी माणसं गावाला गेली होती. आईची खाणावळ बंद पडली, कारण जेवायला येणारे गडीच उरले नाहीत. त्या सालच्या गणपतीनंतर अप्पांनी व्यायामशाळेत जाणं सोडलं. मग खाली उतरणं सोडलं. मग अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. आई पापड लाटायची, मी आणि भाऊ त्यांच्या पायांना वळसा घालून शाळेला जायचो. जवळपास वर्षभर हे चाललं.

त्या अंगात ताकद काही कमी नव्हती. म्हणूनच "व्यायाम करा, मन आपोआप ठीक राहील" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला राहवत नाही. व्यायामाने मनाला बळ येतं, हे मी रोज पाहते. पण माझ्या वडिलांइतका व्यायाम केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि काम गेलं, सोबत गेली, घरात पैसा आणणारा म्हणून असलेली किंमत गेली, तेव्हा तो कोसळला. चाळीत लोक म्हणायचे "आळशी झाला", "बाहेरचं काहीतरी लागलं". नैराश्य हा शब्द मी नर्सिंगला गेल्यावर शिकले. केईएम आमच्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे मनोविकार विभाग होता. तिथे जायचं असतं, हे आमच्या अख्ख्या चाळीत कोणालाच माहीत नव्हतं.

व्यायामशाळेचे वस्ताद रोज संध्याकाळी यायचे. अप्पांच्या उशाशी मांडी घालून बसायचे, काही बोलायचे नाहीत, आईने दिलेला कोरा चहा प्यायचे आणि जायचे. असे किती आठवडे गेले आठवत नाही. एक दिवस म्हणाले, "पोरांना लेझीम शिकवायला माणूस नाही. उद्या ये. नाही शिकवलीस तरी चालेल, नुसता उभा राहा." अप्पा लगेच गेले नाहीत, चारपाच दिवसांनी गेले. आज मानसोपचारात याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. मन लागेपर्यंत वाट न बघता आधी एक लहानसं काम सुरू करायचं, मन मागून येतं. वस्तादांनी हे कुठून ओळखलं असेल, याचा मी अजूनही विचार करते. नंतर अप्पांना वॉचमनची नोकरी लागली आणि घर सावरलं. संप तर कोणी रीतसर मागे घेतलाच नाही.

स्वतःबद्दल थोडं. माझी पाळी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेली. त्याआधीची दोन वर्षं झोप तुटायची, वॉर्डात अंगाची आग व्हायची, आणि एकदा मी एका पेशंटच्या मुलावर अशी ओरडले की तो रडवेला झाला. त्याची मी माफी मागितली, पण घरी कोणाला सांगितलं नाही. शेवटी चेंजिंग रूममध्ये माझ्याच बॅचच्या एका सिस्टरने स्वतःहून तिचं सांगितलं आणि मग आम्ही दोघी तासभर बोललो. त्या तासाने मला जे दिलं ते मला कोणत्याही गोळीने दिलं नसतं, असं नाही म्हणणार. गरज असेल तिथे गोळीही घ्यावी. पण तो तास आधी मिळाला असता तर बरं झालं असतं.

एक्कावन्नाव्या वर्षी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. मणक्याचा टी-स्कोर उणे 1.9 आला, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. मला धक्का बसला, कारण दिवसभर पायांवर असते, मला कसला व्यायाम हवा, अशी माझी पक्की समजूत होती. हाडाला भार लागतो. वॉर्डातली धावपळ पाय दुखवते, पण पुरेसा भार देत नाही. हाडांची शिल्लक तिशीच्या आत भरायची असते, आणि पाळी गेल्यावरची पहिली काही वर्षं ती सगळ्यात वेगाने खर्च होते. आता आठवड्यातून तीन दिवस तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून बसते-उठते, तीन वेळा दहा. नाचणीची भाकरी रोज असते; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि माझ्या वयाच्या बाईला दिवसाला 1200 लागतं, म्हणून दूध-दहीही. डॉक्टरांनी दिलेलं ड जीवनसत्त्व चुकवत नाही.

नवऱ्याचं रक्तदाबाचं दुखणं सहज तपासणीत सापडलं, 160/100, काही त्रास नसताना. गोळी सुरू आहे, लोणचं बंद आहे, रोज उतरल्यावर अर्धा तास चालतो. भाच्याचा नऊ वर्षांचा मुलगा टाचा टेकवून उकिडवा बसू शकत नव्हता. त्याला आम्ही शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला घातलं. तिथल्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी अप्पा त्या मुलाला सोडायला म्हणून जायला लागले, आणि आता तास संपेपर्यंत कट्ट्यावर बसून राहतात. मुलांना दिवसाला तासभर अंगमेहनतीचा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अप्पांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "एकच तास?"

आता लेकीचं, जे लिहू की नको असा मी महिनाभर विचार करत होते. तिनेच सांगितलं, लिही.

ती तेवीस वर्षांची, नोकरी मालाडला. जिमला जाते, खाणं चांगलं, कोणी पाहिलं तर म्हणेल हिला काय होणार. या जानेवारीत संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये, अंधेरी आणि वांद्र्याच्या मध्ये, तिच्या छातीत धडधडायला लागलं, हात बधिर झाले, श्वास पुरेना, आणि आपण आता मरणार अशी तिची खात्री झाली. बायकांनी तिला वांद्र्याला उतरवून बाकावर बसवलं, पाणी पाजलं. मी तिला त्याच रात्री तपासायला नेलं. ईसीजी नीट, हिमोग्लोबिन नीट, पुढे थायरॉइडही नीट आलं. आणि मी, तीस वर्षांची परिचारिका, तिला म्हणाले, "काही झालेलं नाही तुला. टेन्शन घेऊ नकोस."

रिपोर्ट नीट आले म्हणजे काही झालेलं नाही, असं मी कोणत्याही पेशंटला म्हणत नाही. घरच्या माणसाला म्हणाले. पॅनिक अटॅकमध्ये भीती साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचते आणि मग ओसरते, जिवाला धोका नसतो, पण ज्याला येतो त्याच्यासाठी ती दहा मिनिटं पूर्ण खरी असतात. तिला आणखी दोन आले. मग ती फास्ट टाळून स्लो पकडायला लागली, मग स्लोही टाळली, मग दहा दिवस घरातूनच बाहेर पडली नाही. एका दुपारी मी ड्युटीवरून आले तर ती आतल्या खोलीत पडलेली, तोंड भिंतीकडे. आणि अप्पा तिच्या उशाशी बसलेले. पलंगावर नाही, खाली, जमिनीवर, मांडी घालून. काही बोलत नव्हते.

मी दारातूनच मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तीन दिवस ते असे बसले. चौथ्या दिवशी त्यांनी तिला संपानंतरच्या वर्षाचं सांगितलं. त्यांनी ते ना आईला कधी सांगितलं होतं, ना मला. तिने मला नंतर सांगितलं की आजोबा म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. कोणी म्हटलं असतं की हा आजार आहे, तर दवाखान्यात गेलो असतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर मनोविकार ओपीडीत आली. गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवड्याला एकदा मानसशास्त्रज्ञांकडे. ज्यांना ओपीडीत पाऊल टाकणं आज शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा नंबर मी फ्रिजवर चिकटवला आहे.

तिथे तिला एकेक पायरी चढायला लावली. आधी नुसतं स्टेशनवर जाऊन बसणं. मग लोअर परळ ते प्रभादेवी एक स्टेशन, मी बरोबर. मग एकटीने दादरपर्यंत. मग स्लोने मालाड. या सगळ्याला चार महिने लागले. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायच्या.

परवा संध्याकाळी सात वाजता तिचा फोन आला.

"आई, फास्ट पकडली होती. वांद्र्याला उतरले. बाकावर बसलेय."

"बरं. पाणी आहे ना?"

"आहे. दहा मिनिटांनी पुढची पकडते. आजोबांना सांग, उशीर होईल."